शेतातला काळा दगड आणि वेस्टावरचा लाव्हा

कातळवेडा

दिवाळीत गावी होतो. पाडव्याच्या सकाळी शेजारचे तात्या धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेला दगड घेऊन पडवीत आले. "तू भूगोलाचा मास्तर. बघ जरा. आभाळातनं पडलाय." नांगरताना फाळाला लागला म्हणे. सोललेल्या नारळाएवढा, काळा, वरून पातळ तपकिरी साल. काट्यावर सव्वादोन किलो भरला. तात्यांनी जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला चुंबक दोऱ्याला बांधून आणला होता. दगडाजवळ नेला की तो हलकेच दगडाकडे झुकायचा. झुकला की तात्या माझ्याकडे बघायचे.

कोपरा फोडायची परवानगी मोठ्या मुश्किलीने मिळाली. आत राखाडी-काळा, बारीक कणांचा दगड आणि एका जागी वाटाण्याएवढी पांढरी गारगोटी. म्हणजे आपलाच दख्खनचा बेसॉल्ट, कांद्यासारखे पापुद्रे सुटत सुटत गोल झालेला. चुंबक ओढतो कारण आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. हे सगळं सांगितलं. तात्या चहा न घेताच गेले.

ते गेल्यावर मात्र मी बराच वेळ त्या कपच्या हातात घेऊन बसलो. समजा त्या रानात खरोखरच बेसॉल्टी अशनी पडला असता, तर मी ओळखला असता का? प्रामाणिकपणे सांगतो, बहुतेक नाही.

(आकाशात पेटते ती उल्का, खाली पोचतो तो अशनी. पुढे हा घोळ नको.)

बहुतेक अशनी कॉन्ड्राइट जातीचे असतात. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात काटोलला पडला तो त्यातलाच. त्यात लोखंड-निकेलचे कण असतात, त्यामुळे हातात जड लागतो आणि चुंबकाला चिकटतो. पण पडताना पाहिलेल्या शंभर अशनींत पाचसहा वेगळ्याच घराण्याचे निघतात. त्या घराण्यातला युक्राइट म्हणजे सरळसरळ लाव्हा. वितळलेला, वाहिलेला, गोठलेला. वजन आपल्या काळ्या दगडाइतकंच. धातू जवळजवळ नाहीच, म्हणून चुंबक ढिम्म. तात्यांच्या परीक्षेत आपला दगड पास आणि आकाशातला नापास!

सगळा महाराष्ट्र काळ्या दगडाचा. त्यात काळा अशनी शोधणं किती अवघड ते तुम्हीच बघा.

हा लाव्हा आला कुठून, तर वेस्टा नावाच्या लघुग्रहावरून. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला हा गोळा सरासरी ५२५ किलोमीटर रुंद. मुंबईहून रेल्वेने निघालात तर अकोला यायच्या आधीच संपेल एवढा. एवढ्याशा गोळ्यावर साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहत होता. आपला सह्याद्री घडला ६.६ कोटी वर्षांपूर्वी. या हिशोबात तो कालपरवाचा.

माहिती असलेल्यांनी भर घालावी. चुकत असेन तर कान धरावा.


मुक्काम_मेहकर

मस्त धागा. तात्यांचा राग समजू शकतो. आमच्याकडे लोणारला येणारा दर तिसरा पर्यटक खिशात एक काळा दगड घालून नेतो आणि घरी जाऊन अशनी म्हणून दाखवतो. तो असतो आपला बेसॉल्टच. फार तर आघाताने वितळून काच झालेला.

लोणारबद्दल या धाग्याला धरून एक गोष्ट आहे, पण आधी मंगळाचा विषय निघू द्या. मग सांगतो.


शंकासुर

लिहिलंय छान, पण वेस्टाचं पचत नाही. तिथे माणूस गेला नाही, यानाने चिमूटभर माती आणली नाही. दुर्बिणीतल्या ठिपक्याशी दगड जुळवायचा आणि "हा तिथलाच" म्हणायचं, म्हणजे पत्रिका जुळली म्हणून लग्न लागलं असं जाहीर करणं झालं.


कातळवेडा

@शंकासुर, सुरुवात पत्रिकेपासूनच झाली, हे मान्य. १९७० साली मॅककॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेस्टाच्या उजेडाचा वर्णपट काढला. पायरोक्सिन हे खनिज ठरावीक रंगाचा उजेड गिळतं, तशी खाच त्या वर्णपटात मिळाली. प्रयोगशाळेतल्या युक्राइटचा वर्णपट शेजारी ठेवला तर दोन्ही जुळले. मोठ्या लघुग्रहांत असा दुसरा नव्हता.

तेव्हाही तुमच्यासारखे लोक होतेच. त्यांचा आक्षेप रास्त होता: वेस्टा जिथे फिरतो तिथून दगड पृथ्वीकडे वळणार कसा? सोपी वाट आहे ती गुरूच्या एका फेरीत जिथे लघुग्रहाच्या तीन फेऱ्या होतात त्या पट्टीतून. गुरूचे धक्के दर खेपेला तालात बसतात आणि कक्षा लांबट होत जाते. पण वेस्टा त्या पट्टीपासून दूर. १९९३ मध्ये बिन्झेल आणि शू यांनी वेस्टाच्याच वर्णपटाचे छोटे छोटे लघुग्रह शोधले, आणि ते वेस्टापासून थेट त्या पट्टीपर्यंत सांडलेले निघाले. पोत्याला भोक पडून रस्ताभर धान्य सांडावं तसे.

पोतं फाटलं कुठे, तेही सापडलं. डॉन यान जुलै २०११ ते सप्टेंबर २०१२ वेस्टाभोवती फिरलं. दक्षिण ध्रुवावर ऱ्हियासिल्व्हिया नावाचं सुमारे ५०० किलोमीटरचं विवर आहे, म्हणजे जवळपास वेस्टाच्याच रुंदीचं. मधला सुळका वीसेक किलोमीटर उंच. यानाने पृष्ठभागावरच्या लोखंडाचं आणि इतर मूलद्रव्यांचं प्रमाण मोजलं, तेही अशनींशी जुळलं. यापुढे साक्षीदार कुठून आणायचा?


भिंगवाली आजी

सेवानिवृत्त आहे, पण तीस वर्षं शिलाशास्त्र शिकवलंय, तेव्हा मास्तरांचा कान धरायचा हक्क मला आहे असं समजते.

मास्तर, "ओळखला नसता" म्हणालात, पण ताजा पडलेला असता तर ओळखला असता. युक्राइटची साल लक्षात राहण्यासारखी असते. साध्या कॉन्ड्राइटची साल कोळशासारखी मंद काळी. युक्राइटमध्ये कॅल्शियम भरपूर, त्यामुळे हवेतून येताना वितळलेला थर काचेसारखा गोठतो. चकचकीत काळा, नुकतं लाखेचं पॉलिश केल्यासारखा. कधीकधी त्यावर वितळून ओघळलेल्या बारीक रेषाही दिसतात. आत फोडला तर फिकट राखाडी. बाहेर काळा चकचकीत आणि आत सिमेंटच्या रंगाचा, हे आपल्या दगडात होत नाही. चारसहा पावसाळे गेले की मात्र अवघड आहे.

आता सूक्ष्मदर्शकाखालचं सांगते. दगडाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती घासून काचपट्टीवर चिकटवतात, एवढी पातळ की उजेड आरपार जातो. महाबळेश्वरचा बेसॉल्ट आणि युक्राइट अशा दोन चकत्या शेजारी ठेवून मी मुलांना विचारायची, यातला परका कोणता? दोन्हींत प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या पांढऱ्या-करड्या काड्या आणि त्यांच्या फटींत पायरोक्सिन. पहिल्या नजरेला सख्खी भावंडं. निम्मा वर्ग चुकायचा.

मग नीट बघायला लावायचं. आपल्या दगडात कुठे ना कुठे पाण्याचा हात लागलेला असतो: हिरवट-तपकिरी डाग, मातकट कडा, पोकळ्यांत नंतर भरलेली खनिजं. युक्राइटमध्ये तसलं जवळपास काही नाही. कोरडा ठणठणीत. शिवाय त्यातल्या पायरोक्सिनमध्ये केसासारख्या बारीक समांतर रेघा असतात. दगड गोठल्यानंतर पुन्हा बराच काळ भाजला गेला की अशा रेघा उमटतात. बहुतेक युक्राइट असे भाजलेले आहेत. याचा सरळ अर्थ असा लावतात की एक थर वाहिला, त्यावर दुसरा, तिसरा, आणि खालचे थर वरच्यांच्या ओझ्याखाली तापत राहिले. घाटात कापलेल्या कड्यात आपल्याला थरावर थर दिसतात ना, तसंच. फक्त आपल्याकडे दोन थरांच्या मध्ये विटकरी मातीची पट्टी असते, कारण मधल्या काळात पाऊस पडला, दगड कुजला. तिथे पाऊसही नाही आणि पट्टीही नाही.


दुपारची_लोकल

आजी 🙏 वाचनखूण साठवली.

बाळबोध प्रश्न: पृथ्वी मोठी, आत उष्णता, म्हणून ज्वालामुखी, हे शाळेत शिकलो. एवढासा गोळा वितळला कशाने? लहान भांड्यातला चहा लवकर निवतो ना?


भिंगवाली आजी

बाळबोध नाही, पन्नास वर्षं लोकांना छळलेला प्रश्न आहे. आणि त्याच्या उत्तरात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे, जो आपल्याकडेच फारसा कुणाला ठाऊक नसतो.

सूर्यमाला जन्मली तेव्हा धुळीत अॅल्युमिनियम-२६ नावाचं, साध्या अॅल्युमिनियमचं किरणोत्सारी भावंड मिसळलेलं होतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे सात लाख वर्षं. म्हणजे लवकर जळून जाणारं इंधन. जे गोळे पहिल्या वीसेक लाख वर्षांत बांधून झाले, त्यांच्या पोटात हे इंधन भरपूर राहिलं आणि त्यांना वितळवून गेलं. उशिरा जमलेल्यांना राख मिळाली. तुमच्या चहाचं भांडं लहान खरं, पण खाली शेगडी चालू होती.

कल्पना जुनी. हॅरल्ड युरींनी १९५५ मध्येच मांडलेली. पण वितळलेल्या दगडात पुरावा मिळत नव्हता. २० जून १९९६ ला राजस्थानात पाली जिल्ह्यात पिपलिया कलां गावी युक्राइट पडला. दोन मोठे तुकडे, मिळून ४२ किलोच्या आसपास. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत जी. श्रीनिवासन, जितेंद्रनाथ गोस्वामी आणि नरेंद्र भंडारी यांनी त्यातले प्लॅजिओक्लेजचे कण तपासले. या खनिजात अॅल्युमिनियम खच्चून आणि मॅग्नेशियम जवळपास नाही. अॅल्युमिनियम-२६ चं रूपांतर होतं मॅग्नेशियम-२६ मध्ये. म्हणून तिथे मॅग्नेशियम-२६ जास्तीचं दिसलं, तर ते घरातलं नव्हे, अॅल्युमिनियमच्या राखेतून आलेलं. आणि ते दिसलं. सूर्यमालेतले पहिले घन कण तयार झाल्यापासून साधारण ५० लाख वर्षांच्या आत त्या गोळ्याचं कवच गोठलं होतं, असा हिशोब निघाला. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. हेच गोस्वामी पुढे चांद्रयान-१ चे मुख्य शास्त्रज्ञ होते.

नीट लक्षात घ्या, त्यांना अॅल्युमिनियम-२६ सापडलं नाही. ते कधीच संपलं. सापडली ती राख.


दुपारची_लोकल

हे अंगावर काटा आणणारं आहे. राजस्थानातल्या एका गावात दगड पडतो आणि शेगडी कसली होती ते कळतं!

मग डॉनच्या फोटोंत वेस्टावर ज्वालामुखी दिसले असतीलच ना?


कातळवेडा

नाही. आणि मला सगळ्यात जास्त भुरळ घातली ती याच "नाही"ने.

एकही शंकू नाही, लाव्हाची जीभ नाही, ज्वालामुखीचं तोंड नाही. संशय घेता येईल अशा एकदोन जागा सोडल्या तर काही नाही. चार-साडेचारशे कोटी वर्षं दगडांचा मारा खाऊन वरचा थर पिठासारखा कुटला गेलाय. म्हणजे ज्वालामुखीचा दगड आपल्या हातात, दगडाचा पत्ता आपल्याला ठाऊक, आणि त्या पत्त्यावर ज्वालामुखीच उरलेला नाही.

तिथे दगड आहे, डोंगर नाही. मंगळाच्या बाबतीत बरोबर उलटं आहे, तिकडे येतोच.


बदलीवरचा बँकवाला

याआधी मला बोलू द्या, कारण मी गयेत तीन वर्षं काढली आहेत. जी. टी. रोडने शेरघाटीवरून किती वेळा गेलो याची गणतीच नाही. चौकात चहा, लिट्टी, पुढे. आपण एका जागतिक कीर्तीच्या गावात उभे आहोत हे बदली होऊन पुण्यात आल्यावर कळलं. तेही मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळे. २५ ऑगस्ट १८६५ ला सकाळी तिथे पाचेक किलोचा दगड पडला, तो मंगळाचा. इंग्रजांनी लिहिताना शेरघाटीचं शेरगोटी केलं आणि जगभरच्या तसल्या दगडांना आज शेरगोटाइट म्हणतात. मंगळाच्या बहुतेक अशनींचं आडनाव बिहारचं आहे!

तिथे पाटी वगैरे काही मला दिसली नव्हती. असेल तर आनंद आहे.


कातळवेडा

@बँकवाला, क्या बात है.

मंगळ कसा ठरला ती कथा मोठी मजेची आहे. शेरघाटी, इजिप्तमधलं नखला (२८ जून १९११) आणि फ्रान्समधलं शासिन्यी (३ ऑक्टोबर १८१५) हे तीन दगड फार दिवस एका कप्प्यात पडून होते. मग वय मोजायची तंत्रं आली आणि नखलाचं वय निघालं १३० कोटींच्या आसपास. इथे गडबड झाली. लघुग्रहांची शेगडी तर पहिल्या काही कोटी वर्षांतच विझली. तीनशे कोटी वर्षांनंतर लाव्हा ओकायचा तर गोळा ग्रहाएवढा मोठा हवा. चंद्र म्हणावा तर अपोलोच्या दगडांशी रसायन जुळेना. शुक्र म्हणावा तर त्याच्या जाड हवेतून दगड बाहेर फेकला जाणं कठीण. उरला मंगळ. पण तोवर हे नुसतं वजाबाकीचं गणित होतं.

अंटार्क्टिकात १९७९-८० च्या मोसमात सापडलेल्या एका शेरगोटाइटने ते सोडवलं. त्यात आघाताने वितळलेल्या काचेचे काळे थेंब होते आणि काचेत हवेचे बुडबुडे अडकले होते. १९८३ मध्ये बोगार्ड आणि जॉन्सन यांनी तो वायू काढून मोजला. १९७६ साली व्हायकिंग यानांनी मंगळावर उभं राहून तिथली हवा मोजली होती. आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉनची प्रमाणं या हवेशी जुळली. दगडाने येताना गावची हवा बाटलीत भरून आणली होती.


विएन्नावासी_वैदेही

इथल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात अशनींचं आख्खं दालन आहे. जुन्या लाकडी काचेच्या कपाटांत रांगेने मांडलेले. माझी लेक चार वर्षांची असताना म्हणाली होती, "आई, सगळे दगड झोपलेत." पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतेच.

शेरघाटीचा विएन्नाशी जुना संबंध आहे. गुस्ताव चेर्माक नावाच्या इथल्या खनिजशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये त्या दगडात काचेसारखा एक पदार्थ ओळखला. आकार प्लॅजिओक्लेजच्या स्फटिकाचा, पण आत स्फटिकाची रचना नाही. त्याने त्याला ब्रिटिश संग्रहालयाच्या मॅस्केलिन यांचं नाव दिलं, मास्केलिनाइट. दगड मंगळावरून उडाला त्या धक्क्याने स्फटिकाची घडी मोडली पण आकार तसाच राहिला, हे कळायला पुढे शंभर वर्षं लागली.


मुक्काम_मेहकर

ताई, तुम्ही माझ्या तोंडचं वाक्य घेतलंत! मी हेच राखून ठेवलं होतं.

तेच मास्केलिनाइट लोणारला आहे. १९७३ साली लोणारचं विवर आघातानेच झालंय हे पक्कं झालं, तेव्हाच्या पुराव्यांत हाही एक. पृथ्वीवर आघाताची विवरं पुष्कळ, पण बेसॉल्टमध्ये झालेलं आणि इतकं शाबूत राहिलेलं लोणारसारखं दुसरं नाही. म्हणून मंगळावर काम करणारी मंडळी इथे येतात. मंगळाचा पृष्ठभाग बेसॉल्टचा आणि तिथल्या दगडांवर आघाताचे वळ. ते वळ वाचायला शिकायचं तर आपल्या १.८ किलोमीटरच्या विवराच्या काठावर उन्हात बसून शिकावं लागतं. लहानपणी त्या काठावर आम्ही चिंचा खाल्ल्या, त्यापलीकडे काही केलं नाही. असो.


तिसऱ्या_पिढीचा_पाथरवट

मी फारसं लिहीत नाही. आमच्या घरी तीन पिढ्या दगडाचं काम. आजा पाटे-वरवंटे, जाती घडवायचा, टाकी लावायला गावोगाव फिरायचा. मी आता ग्रॅनाइट कटिंगला आहे.

आजा दगड डोळ्याने नाही, कानाने निवडायचा. हातोडीने टोला दिला की खणखणीत वाजला तर जात्याला. बद्द वाजला तर आत कुठेतरी चीर, तो पायात घालायला. प्रश्न असा की वेस्टाचा दगड वाजेल का?


भिंगवाली आजी

दादा, तीस वर्षांत असा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही.

बहुतेक बद्द वाजेल. बरेचसे युक्राइट म्हणजे तुकड्यांचे गोळे आहेत. लाव्हा गोठला, माऱ्याने फुटला, चुरा झाला, पुन्हा दाबून चिकटला, पुन्हा फुटला. काही तर बोटाने दाबलं तरी कण सुटतील इतके ठिसूळ. तुमच्या आजोबांनी पायातच घातला असता. शेरघाटीचा दगड त्या मानाने एकसंध, तो वाजेल असं मला वाटतं. पण संग्रहालयात हातोडी घेऊन जाऊ देत नाहीत.


शंकासुर

बरं, हरलो. वेस्टा मान्य. पण चिकटलेल्या चुऱ्यात वेगवेगळ्या गोळ्यांचे तुकडे मिसळले नसतील कशावरून? जुळणी एकाच गोष्टीवर असेल तर गफलत होऊ शकते.


कातळवेडा

एकीवर नाही. दोन खुणा सांगतो.

पहिली, ऑक्सिजन. याची तीन समस्थानिकं: १६, १७, १८. प्रत्येक गोळ्याचं यांचं मिश्रण आपापलं असतं आणि दगड वितळला-गोठला तरी ते त्याच घराण्याच्या रेषेवर राहतं. दुसरी, लोखंड आणि मँगनीजचं गुणोत्तर. ही जोडी पायरोक्सिनमध्ये हातात हात घालून जाते, त्यामुळे आकडा फार हलत नाही. वेस्टाच्या दगडात साधारण ३५, मंगळाच्या ४०, पृथ्वीच्या ६०, चंद्राच्या ७० च्या वर.

आणि तुमची शंका खरीही ठरली आहे. ब्राझीलमध्ये १९५७ साली पडलेला इबितिरा हा दगड वर्षानुवर्षं युक्राइटच्या यादीत होता. त्यात चक्क बुडबुड्यांच्या पोकळ्या आहेत, आपल्या सच्छिद्र बेसॉल्टसारख्या. अशनीत अशा पोकळ्या फार दुर्मीळ. नंतर बारकाईने ऑक्सिजन मोजला तर रेषा वेगळी. म्हणजे लाव्हा ओकणारा आणखी एक गोळा होता, जो आता कुठे आहे ते ठाऊक नाही.


अवकाशपोरगा

एम.एस्सी. करतोय, म्हणून लुडबुड. असे बिनपत्त्याचे अजून आहेत. १८६९ मध्ये ब्राझीलमध्ये अंग्रा दोस रेईसला पडलेल्या दगडावरून अँग्राइट नावाचं घराणं आहे. त्यातही बेसॉल्ट आहेत, पण कुठला गोळा ते ठरलेलं नाही. आणि २०२० मध्ये अल्जीरियाच्या एर्ग शेश वाळवंटात सापडलेला दगड तर बेसॉल्टसुद्धा नाही, अँडेसाइट आहे. वय सुमारे ४५६ कोटी ५० लाख वर्षं, आजवर मोजलेला सर्वात जुना ज्वालामुखीचा दगड. त्याच्यासारखा वर्णपट असलेला लघुग्रहच आकाशात सापडत नाही. बहुधा त्याच्या घराण्याचे सगळे गोळे फुटून ग्रहांत जिरले.

आजींना एक विचारायचंय. काही अशनी वितळून झालेले आहेत, पण त्यांच्या घराण्यातला बेसॉल्ट मात्र मिळत नाही, असं का?


भिंगवाली आजी

शाब्बास. त्याचं एक उत्तर मला फार आवडतं, १९९१ च्या सुमाराला विल्सन आणि काइल यांनी दिलेलं. गोळा शंभर किलोमीटरच्या आतला असेल आणि शिलारसात थोडासा वायू असेल, तर लाव्हा वाहतच नाही. कारंज्यासारखा उडतो. गुरुत्व इतकं कमी की उडालेले थेंब परत खाली पडत नाहीत, थेट अवकाशात निघून जातात. ज्वालामुखी झाला, पण जमिनीवर त्याचा थेंब उरला नाही.

वेस्टावरून सुटायला सेकंदाला साधारण ३६० मीटर वेग लागतो. तेवढ्याने त्याचा लाव्हा घरात राहिला.


दुपारची_लोकल

मास्तर, मंगळाचं "उलटं" राहिलं. तिथे डोंगर आहे आणि दगड नाही, असं?


कातळवेडा

दगडही आहेत, पण कुठल्या डोंगराचे ते कळत नाही. ऑलिंपस मॉन्स हा तिथला ज्वालामुखी २१-२२ किलोमीटर उंच, त्याशिवाय थार्सिस पठारावरचे तिघे रांगेत. फोटो कितीही घ्या, पण लाव्हा केव्हा वाहिला याचं उत्तर फोटोतून विवरं मोजून अंदाजानेच निघतं. वर्षं दगडच सांगतो.

नखलाच्या घराण्याचे सगळे दगड १.१ कोटी वर्षांपूर्वी एकाच धडकेत उडाले. २०१७ मध्ये त्यांची वयं बारकाईने मोजली तर निदान चार वेगळे उद्रेक निघाले, ९ कोटी वर्षांत पसरलेले. त्या जागी दहा लाख वर्षांत मीटरभरही थर साचला नाही. आपल्याकडे तेवढ्याच दहा लाख वर्षांत दख्खनचा बहुतेक डोंगर उभा राहिला! त्याच वर्षी दुसऱ्या गटाने शेरगोटाइटांची एक रास पाहिली, सगळे ११ लाख वर्षांपूर्वी एकत्र उडालेले. त्यातल्या बाकीच्यांची वयं ३५ ते ५७ कोटींच्या आसपास आणि एकाचं २४० कोटी. म्हणजे एकच ज्वालामुखी सुमारे दोनशे कोटी वर्षं अधूनमधून जागा होता. पृथ्वीवर असं होत नाही, कारण इथे कवच सरकतं आणि ज्वालामुखीखालची चूल मागे राहते. मंगळावर डोंगर चुलीवरून हलतच नाही.

शेरघाटीचं वय बहुतेक मोजमापांत १७ कोटींच्या आसपास येतं. एका गटाने शिशाच्या समस्थानिकांवरून ४०० कोटी म्हटलं होतं, त्यावर बरीच जुंपली. मला १७ कोटी पटतं.


बदलीवरचा बँकवाला

आणि चंद्र? तिथले तर माणसांनीच आणलेत.


अवकाशपोरगा

३८२ किलो. पण अपोलोची सगळी ठिकाणं आपल्याला दिसणाऱ्या बाजूला, एका मर्यादित पट्ट्यात. अशनी कुठूनही उडून येतो. बोत्स्वानातला कलाहारी ००९ हा चंद्राचा बेसॉल्ट ४३५ कोटी वर्षांचा निघाला, म्हणजे दिसणारे काळे डाग पडण्याच्या कितीतरी आधी चंद्रावर लाव्हा वाहत होता. दुसऱ्या टोकाला चीनच्या चांग-अ ५ ने डिसेंबर २०२० मध्ये आणलेला बेसॉल्ट, फक्त २०० कोटींचा. एवढासा चंद्र इतक्या उशिरापर्यंत गरम कसा राहिला, यावर आमच्या विभागात अजून चहाच्या कपाला तोंड न लावता भांडणं होतात.

शुक्राचा एकही अशनी माहीत नाही. आणि गुरूचा उपग्रह आयो, जिथे आज, आत्ता ज्वालामुखी पेटलेले आहेत, तिथून तर कधी येईल असं वाटत नाही. गुरू सोडत नाही.


घासाघीस

मध्येच विचारतो. इंटरनेटवर "मंगळाचा दगड, प्रमाणपत्रासह" पंधराशे रुपयांत मिळतोय. घ्यावा का?


भिंगवाली आजी

घ्या. पाटा जुना झाला असेल तर उपयोगी पडेल.

कुणाला खरंच काही सापडलं तर घासू नका, धुऊ नका, चुंबकही लावू नका. मास्तर, तुमच्या तात्यांसकट हे सगळ्यांना. चुंबकाने दगडातली जुनी चुंबकीय नोंद पुसली जाते. जागेचा फोटो घ्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. शेरघाटीच्या दगडाचा मोठा भाग कोलकात्यात त्यांच्याचकडे आहे.


कातळवेडा

काल तात्यांना फोन केला. आजींचं सगळं सांगितलं: चकचकीत साल, आत सिमेंटचा रंग, चुंबक लावायचा नाही. बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी चुंबकाला चिकटला नाही तर आभाळातला?" म्हटलं, तसंच काही नाही, पण शक्यता आहे.

"मग बांधावर तसले लई पडल्यात," म्हणाले. "येशील तवा पोतं भरून ठिवतो."


तिसऱ्या_पिढीचा_पाथरवट

मास्तर, पोतं फोडायच्या आधी मला बोलवा. वाजवून बघू.